पेटी लहान, ऊब मोठी

दुकानाच्या गल्ल्यामागे जिथे एकेकाळी रोजमेळ आणि खतावणीच्या लाल वह्या रचलेल्या असत, तिथे आता जाड ग्रंथाच्या आकाराची एक काळी पेटी दिसते. दिवसभर तिच्यावर बिले निघतात, मालाच्या साठ्याची नोंद होते, महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आत जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात. रात्री दुकान वाढवले, की रत्नागिरीच्या रामआळीसारख्या बाजारपेठेत, जिथे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे अजून आहेत, तिथे तीच पेटी जिना चढून वर जाते. मग चिरंजीव तिच्यावर मोटारींच्या शर्यती किंवा फुटबॉलचे सामने खेळू लागतात. कोणता खेळ खेळावा आणि कोणता टाळावा, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे आपल्याला पाहायचा आहे तो पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारा एक आकडा.

"पप्पा, प्रोसेसर ब्याण्णववर गेलाय," असे मुलगा सहज म्हणतो. वडिलांच्या मनात मात्र वर्षभराचा जमाखर्च उभा राहतो. ते म्हणतात, "बंद कर आधी ते!" मुलगा म्हणतो, "एवढं चालतं हो." या संवादाने अनेक घरांत रात्रीच्या जेवणाची चव बिघडवली आहे. गंमत अशी, की या वादात दोघांचेही म्हणणे निम्मे खरे असते. मुलाचे म्हणणे प्रोसेसरपुरते खरे, आणि वडिलांची धास्ती त्या पेटीतील बाकीच्या वस्तूंपुरती.

आधी प्रोसेसरचे पाहू. माणसाच्या शरीराचे तापमान ठरलेले असते. ते दोन अंशांनी वाढले तर आपण वैद्याकडे धाव घेतो. प्रोसेसरला असे ठरलेले तापमान नसते. त्याला असते ती एक वरची मर्यादा, आणि ती त्याच्या निर्मात्यानेच घालून दिलेली असते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसाठी ती १०० अंश सेल्सियस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांसाठी ९५ अंश, तर खेळाच्या शौकिनांत लोकप्रिय असलेल्या रायझन ७ ७८००एक्स३डीसाठी ८९ अंश. लहान पेट्यांत बसवतात तो रायझन ७ ७८४०एचएस मुळात लॅपटॉपसाठी घडवलेला. त्याची मर्यादा १०० अंश. म्हणजे एकच ९२ हा आकडा एका यंत्रात मर्यादेच्या पुष्कळ अलीकडचा असतो, दुसऱ्यात अगदी सीमेवरचा, आणि तिसऱ्यात तो दिसूच नये असा. आकडा वाचण्यापूर्वी आपल्या पेटीत कोणता प्रोसेसर आहे हे बिलावर पाहावे. व्यापारी माणसाला मालाचा दर्जा न पाहता भाव सांगता येत नाही, तसेच हे आहे.

मर्यादेला पोचल्यावर काय होते? प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. वेग कमी झाला की वीज कमी लागते, वीज कमी झाली की ऊब कमी होते. त्यानेही भागले नाही आणि तापमान आणखी चढले, तर तो यंत्र बंद करून टाकतो. म्हणून 'खेळता खेळता प्रोसेसर जळाला' अशी जी वार्ता गल्लोगल्ली ऐकू येते, ती बहुधा खरी नसते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रायझन ७००० मालिका बाजारात आली तेव्हा तिचे वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली थेट ९५ अंशांवर जाऊन स्थिरावतात हे पाहून जगभर चर्चा झाली. कंपनीचे उत्तर सरळ होते: ही रचनाच तशी आहे. थंड राखण्याची जेवढी सोय मिळेल तेवढी सगळी वापरून जास्तीत जास्त वेगाने काम करायचे, हे आजच्या प्रोसेसरचे वळण आहे.

एवढी ऊब येते तरी कोठून, हेही समजून घेण्याजोगे आहे. प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी अखेरीस उष्णतेतच परिवर्तित होते. त्यातून ना काही हलते, ना उचलले जाते. आकडेमोड होते आणि ऊब उरते. रायझन ७००० मधील गणना करणारा सिलिकॉनचा तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्यातून ७० वॅट बाहेर पडत असतील तर दर चौरस सेंटिमीटरला १०० वॅट झाले. हजार वॅटच्या कपड्यांच्या इस्त्रीचा तळ याच हिशेबाने मोजला तर तिच्या वाट्याला दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅटच येतात. इस्त्रीहून पंधरापट दाट अशी ही ऊब नखाएवढ्या जागेतून सतत उपसून काढायची असते.

हा प्रश्न केवळ आपल्या मुलांच्या खेळाचा नाही. प्रोसेसरचा वेग वाढवत नेण्याची शर्यत याच उष्णतेपाशी येऊन थबकली. २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' हे भारतीय नाव दिलेला आपला आगामी प्रोसेसर बाजारात आणण्याआधीच सोडून दिला, आणि एकाच गाभ्याला अधिकाधिक पळवण्याऐवजी एका तुकड्यात दोन-चार गाभे बसवण्याचा मार्ग धरला. पुण्यात 'आयसर' संस्थेत सी-डॅकने उभारलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक तर पाण्याच्या साहाय्याने थेट थंड केला जातो. तिथे अभियंते आणि पाइप दिमतीला असतात. आपल्या माडीवर असतो एक तळहाताएवढा पंखा.

आता पेटीकडे वळू, कारण खरा मुद्दा पेटीचा आहे.

रत्नागिरीच्या वाचकांना हापूसची पेटी सांगावी लागत नाही. आंबा झाडावरून उतरला तरी त्याचे श्वसन चालूच असते आणि त्यातून ऊब निर्माण होते. म्हणून पेटीला फटी ठेवतात; कोंदट पेटीत आंबा आतून तापतो आणि वाशीला पोचेपर्यंत डागाळतो. आंब्याचा व्यापारी पेट्या रचतानाही मधून वारा खेळेल अशी जागा सोडतो. संगणकाच्या पेटीचे शास्त्र याहून वेगळे नाही, फक्त येथे ऊब मंद नसून झपाट्याची असते.

थोडा हिशेब करून पाहू. एका लहान पेटीत प्रोसेसर आणि चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड मिळून २०० वॅट खर्च करतात असे धरा. खेळ चालू असताना हे मुळीच अवास्तव नाही. आरटीएक्स ४०६० हे मध्यम कार्डच एकटे ११५ वॅटपर्यंत जाते. आत शिरणारी हवा बाहेर पडताना फक्त १० अंशांनी तापलेली असावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा पेटीतून जायला हवी. म्हणजे आंघोळीची एक बादलीभर हवा, प्रत्येक सेकंदाला. पेटी १० लिटरची असेल तर तिच्यातील सगळी हवा सेकंदाला जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे. मोठ्या पेटीत हे काम तीन-चार मोठे पंखे सावकाश फिरून करतात. लहान पेटीत तेच काम लहान पंख्याला घोंघावत करावे लागते.

त्यात उंचीची अडचण. मोठ्या पेटीत प्रोसेसरवर १६० मिलिमीटर उंचीचा धातूच्या पात्यांचा मनोरा सहज बसतो. लहान पेटीसाठी नावाजलेल्या एका थंडकाची उंची अवघी ३७ मिलिमीटर आहे. धातू कमी, पाती कमी, पंखा चपटा. शिवाय शेजारचे ग्राफिक्स कार्ड आपली गरम हवा त्याच कोंडलेल्या जागेत सोडते आणि प्रोसेसरचा पंखा तीच हवा ओढून घेतो. त्यामुळे पुष्कळदा प्रोसेसर ६५ वॅटचा, शांत स्वभावाचा असूनही आकडा मात्र नव्वदीत दिसतो. दोष त्याचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. स्वतंत्र कार्ड नसलेल्या अगदी छोट्या पेट्यांत तर प्रोसेसर आणि चित्रे रंगवणारा भाग एकाच तुकड्यात असतात, एकच पंखा आणि एकच वीज वाटून घेतात. तिथे खेळ हे दुहेरी ओझे होते.

खेळातही सगळी वेळ सारखी नसते. नवा खेळ पहिल्यांदा उघडला की काही मिनिटे तो चित्रांच्या आज्ञा तयार करत बसतो. त्या वेळी प्रोसेसरचे सगळे गाभे एकदम राबतात आणि आकडा ९५ ला जाऊन भिडतो. प्रत्यक्ष खेळ सुरू झाला की तोच ७५ वर येतो. पहिला आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. अर्धा तास खेळून झाल्यावरचा आकडा खरा.

रत्नागिरीचा वारा

मुले परदेशी परीक्षणे पाहून सांगतात, "या पेटीत हा प्रोसेसर ७८ वर राहतो, आपलाच ८८ वर का?" याचे उत्तर बहुधा खोलीत असते, पेटीत नव्हे. अशी परीक्षणे साधारण २१ ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत केलेली असतात. मे महिन्यात रत्नागिरीतील कौलांखालच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत ३३-३४ अंश असणे ही नित्याची गोष्ट. खोली १० अंशांनी गरम, तर प्रोसेसरही साधारण तेवढ्याच अंशांनी गरम. पंखा कितीही महागाचा आणला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून केवळ प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवू नये. भिंतीवरच्या साध्या तापमापीचा आकडाही शेजारी लिहावा आणि दोहोंतील फरक पाहावा. जानेवारीत फरक ५५ अंशांचा होता आणि मेमध्येही ५५ चाच असेल, तर यंत्रात काही बिघडलेले नाही, ऋतू बदलला आहे. फरकच ६५ वर गेला असेल तर मात्र धूळ, पंखा किंवा लेप यांपैकी काहीतरी तपासायला हवे.

कोकणातला खरा चटका कधी कधी मेऐवजी मार्चमध्ये बसतो. समुद्रावरचा वारा सुरू व्हायला उशीर झाला आणि पूर्वेकडून कोरडे वारे वाहत राहिले, की पारा चाळिशीच्या आसपास जातो. नेमका हाच आपल्या वर्षअखेरीचा महिना. दिवसभर हिशेब मिळवण्याचे काम आणि रात्री परीक्षा संपलेल्या मुलांचे खेळ, असा दुहेरी भार पेटीवर याच दिवसांत पडतो.

दमटपणाबद्दल एक गैरसमज आहे. घामाने चिकचिक झाली की आपल्याला वाटते, यंत्रालाही तसेच होत असणार. वस्तुतः पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम वाळतो म्हणून, आणि दमट हवेत तो वाळत नाही म्हणून आपण कासावीस होतो. धातूच्या पात्यांना घाम येत नाही. त्यांच्या दृष्टीने ३० अंशांची कोरडी हवा आणि ३० अंशांची दमट हवा जवळजवळ सारखीच. दमटपणाचा उपद्रव वेगळा आहे. समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण धुळीबरोबर पात्यांवर आणि सर्किटवर बसतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते, हे स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीने आपल्याला दर आषाढात दाखवलेले आहे. असा ओलसर खारा थर वीज वाहून नेतो आणि तांब्याला गंजवतो. मांडवी किंवा मिरकरवाड्याच्या बाजूला, खिडकीतून समुद्र दिसतो अशा घरी, पेटी त्या खिडकीत ठेवणे म्हणूनच इष्ट नाही, मग तिथे वारा कितीही सुखद येवो.

पारख आणि उपाय

पेटीची पारख घरच्या घरी करता येते. एचडब्ल्यूइन्फो हा विनामूल्य प्रोग्राम प्रोसेसरचे तापमान, वेग, वीज आणि उष्णतेमुळे वेग कमी केला गेला काय, या चारही गोष्टी दाखवतो. अर्धा तास खेळ चालवावा. वेग स्थिर असेल आणि मर्यादा गाठलेली नसेल, तर ९० अंश असूनही गोष्ट सोडून द्यावी. वेग वारंवार खाली येत असेल तर पेटीचे बाजूचे झाकण काढून पुन्हा अर्धा तास तोच खेळ चालवावा. झाकण काढताच आकडा दहाएक अंशांनी उतरला, तर हवा कोंडते आहे असे समजावे. झाकण काढूनही फारसा फरक पडला नाही, तर अडचण प्रोसेसर आणि त्याच्या थंडकाच्या दरम्यान आहे: मधला लेप सुकला आहे, थंडक नीट दाबून बसलेला नाही, किंवा नव्या यंत्रात थंडकाखालचा पारदर्शक कागद काढायचाच राहून गेला आहे. हे शेवटचे वाचकांना विनोदी वाटेल, पण जुळणी करणाऱ्यांकडे असे घडते.

उपायांत सर्वांत स्वस्त उपाय जागेचा. दिवाणखान्यातील टीव्हीखालच्या बंद कपाटात, काचेच्या दाराआड ठेवलेली पेटी आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा पीत राहते. तिला उघड्यावर, भिंतीपासून वीतभर दूर, खालच्या जाळीला हवा मिळेल अशा पायांवर ठेवावे. एवढ्याने पुष्कळ घरांतला प्रश्न मिटावा.

दुसरा उपाय खेळाच्या आतच असतो. साधा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो आणि खेळ मात्र मोकाट सोडला तर १४० चित्रे तयार करत बसतो. उरलेली ८० चित्रे कोणी पाहत नाही, पण त्यांची वीज जळते आणि ऊब होते. खेळाच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घातली की आकडा लगेच उतरतो. गिऱ्हाईक साठ असता एकशेचाळीस जणांचा स्वयंपाक कोणी करत नाही.

तिसरा उपाय विजेचा लगाम. प्रोसेसरचा वीजखर्च त्याच्या वेगाबरोबर वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटची थोडी गती मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते, म्हणून ती गती सर्वांत महाग पडते. रायझन ७ ७७००एक्ससारखा प्रोसेसर मोकळा सोडला तर १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. बायोसमधील 'इको मोड' लावला की तो ८८ वॅटवर थांबतो, आणि खेळात फरक बहुधा डोळ्यांना कळतही नाही. बायोसला हात लावायला नको वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहावे. बहुतेक यंत्रांत त्याने वरची उसळी बंद होते. मला विचाराल तर कोकणातील लहान पेटीत हा लगाम उन्हाळाभर लावलेलाच असावा.

धुळीचे वेगळे सांगायला नको, पण दुकानाची धूळ घरच्या धुळीसारखी नसते. कापडाच्या दुकानात तंतू, किराणा दुकानात पिठाचा भुगा, आणि दोन्हीकडे उदबत्तीच्या धुराचा चिकट लेप. दर तीन-चार महिन्यांनी यंत्र बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, हवेच्या झोताने पाती स्वच्छ करावीत. आत शिरणाऱ्या हवेच्या तोंडाशी बारीक जाळी बसवल्यास पावसाळ्यात दिव्यावर येणारी पाखरे पंख्यात सापडून मरत नाहीत, ही बाब आपल्या घरांत तरी दुय्यम नाही. जाळी मात्र धुवायला हवी. बुजलेली जाळी म्हणजे बंद दार.

एक अपवाद नोंदवायला हवा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर खेळ चालू असताना कोसळू लागले, तेव्हा प्रथम सर्वांचे बोट उष्णतेकडे गेले. २०२४ मध्ये कंपनीने कारण सांगितले ते प्रमाणाबाहेर चढणाऱ्या व्होल्टेजचे. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला, हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढवली गेली. ज्यांच्याकडे त्या पिढीचे वरच्या श्रेणीतील प्रोसेसर आहेत त्यांनी नवा पंखा आणण्याआधी बायोस अद्ययावत आहे काय हे पाहावे. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. तो हमीत बदलूनच घ्यावा लागतो.

आणि आता वडिलांच्या धास्तीकडे. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, पण त्याच पेटीत त्याचे शेजारी असतात. विजेची चढउतार शोषणारे कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात. साधारण नियम असा, की १० अंश कमी ठेवले तर त्यांचे आयुष्य दुप्पट होते. याहून महत्त्वाची ती एसएसडी, जिच्यावर दुकानाचे सगळे हिशेब असतात. अनेक लहान पेट्यांत ती मदरबोर्डच्या खाली, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, दोन मिलिमीटरच्या फटीत चिकटलेली असते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तिचाही आकडा दिसतो, पण मुले तो पाहत नाहीत, कारण खेळाचा वेग त्यावर अवलंबून नसतो. खेळाअखेर ती ७० अंशांच्या वर जात असेल तर तिच्यावर धातूची छोटी पट्टी बसवून घ्यावी. तसेच हिशेबाचा प्रोग्राम उघडा ठेवून खेळ सुरू करू नये. यंत्र तापून अचानक बंद पडले तर प्रोसेसरचे काही बिघडत नाही, अर्धवट लिहिलेली फाइल मात्र बिघडू शकते. रोज दुकान वाढवताना हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवावी. पेटी वर जाईल ती प्रत घेतल्यानंतरच, एवढा एक नियम वडिलांनी घातला तर मुलानेही तो आनंदाने पाळावा, कारण त्यानंतर ९२ या आकड्यावर कोणी ओरडणार नाही.

पावसाळ्यात गणित थोडे उलटते. खोली २७-२८ अंशांवर येते, आकडे आपोआप उतरतात, आणि काळजी ओलाव्याची राहते. गावाला जाताना महिनाभर यंत्र बंद करून ठेवायचे असेल तर ते कोरड्या खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, झाकून ठेवावे. घरी असाल तर दोन-तीन दिवसांआड तासभर तरी ते चालू ठेवावे, म्हणजे आतल्या उबेने सर्किटवरचा दमटपणा उडून जातो. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट खोलीत आणलेली पेटी मात्र लगेच चालू करू नये. थंड धातूवर पाण्याचे थेंब धरतात, ते वाळायला अर्धा-पाऊण तास द्यावा.